थांगश्येनच्या नोंदी : कोटणीस नकाशातलं एक नाव आणि त्याची इंग्रजी स्पेलिंग्ज

११ जानेवारी २०२५

नकाशाचं काम आता गावांच्या नावांवर येऊन ठेपलंय. ग्रुपमध्ये नवीन आलेल्यांसाठी एकदा लिहून ठेवते. भारतीय डॉक्टरांच्या पथकातून गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ पासून १९४२ पर्यंत चीनमध्ये जिथे जिथे होते ती ठिकाणं एका मराठी नकाशावर आणायची, ठिकाणावर क्लिक केलं की तारीख, दोन ओळी माहिती आणि नावाचा उच्चार, एवढा साधा प्रकल्प आहे. कॅन्टन, हान्कोउ, छोंगछिंग, शीआन, यानआन इथपर्यंत काही अडलं नाही, मोठी शहरं आहेत ती, कुणालाही सापडतात. अडलंय शेवटच्या ठिकाणी, म्हणजे खरं तर सगळ्यात महत्त्वाच्या ठिकाणी.

हेबेई प्रांतात पाओतिंग शहराच्या हद्दीत, थायहांग डोंगररांगेच्या पायथ्याशी एक तालुका आहे, थांगश्येन. कॅनडाचे सर्जन डॉ. नॉर्मन बेथ्यून १२ नोव्हेंबर १९३९ ला तिथल्याच एका खेड्यात वारले, ऑपरेशन करताना बोट कापलं आणि रक्तात विष पसरलं. आपले कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या खेड्यात वारले, वय फक्त ३२. सोलापूरचा माणूस ज्या मातीत गेला त्या तालुक्याचं नाव मराठीत नीट लिहिता आलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, आणि आमच्या फोल्डरमधल्या कागदांत ते नाव इतक्या तऱ्हांनी आलंय की सर्च मारला तर अर्धे कागद निसटतात. कुठे टी-ए-एन-जी आणि पुढे काउंटी, कुठे टी नंतर अपॉस्ट्रॉफी आणि पुढे एच-एस-आय-ई-एन, कुठे सगळं जोडून एकच शब्द, कुठे शेवटी एक्स-आय-ए-एन. मराठी कात्रणांत तांग, टांग, टँग, तंग, सगळंच. भाचीने तर शीट बघून सरळ "टँग" वाचलं, सरबताच्या पावडरीसारखं, आणि तिचं काही चुकलं नाही, ती अक्षरं इंग्रजीत तशीच वाचतात.

१४ जानेवारी

आज सणाची सुट्टी, दुपारभर बसून स्पेलिंगांचा इतिहास लावला. तो कळल्याशिवाय कागद लागत नाहीत.

चिनी नावं रोमन अक्षरांत लिहायच्या तीन पद्धती आपल्या कागदांत आहेत. पहिली वेड आणि जाइल्स या दोन इंग्रजांची, थॉमस वेडने १८६७ च्या पाठ्यपुस्तकात घालून दिलेली आणि हर्बर्ट जाइल्सच्या १८९२ च्या शब्दकोशामुळे पक्की झालेली. दुसरी पोस्टाची, १९०६ मध्ये शांघायला टपाल खात्याची बैठक झाली आणि तारा नि पत्रांसाठी सोपी, बिनचिन्हांची स्पेलिंग्ज ठरली, पेकिंग, कॅन्टन वगैरे ही त्याच वळणाची नावं. तिसरी पिनयिन, ११ फेब्रुवारी १९५८ ला चीनच्या संसदेने मंजूर केलेली, १९७७ ला अथेन्सच्या परिषदेत संयुक्त राष्ट्रांनी चिनी गावांच्या नावांसाठी मान्य केली आणि १ जानेवारी १९७९ पासून चीनची परदेशी भाषांतली प्रकाशनं त्यावर आली.

म्हणजे कोटणीस हयात असताना पिनयिन अस्तित्वातच नव्हतं! त्या काळातली पत्रं, बातम्या, रिपोर्ट, सगळं पहिल्या दोन पद्धतींत, किंवा ज्याच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. आणि आजचे ऑनलाइन नकाशे तिसऱ्या पद्धतीत. यापुढे शीटमध्ये प्रत्येक स्पेलिंगच्या शेजारी कागदाचं साल लिहायचंच, सालाशिवाय स्पेलिंग घ्यायचं नाही.

१९ जानेवारी

साल का लागतं याचं उदाहरण देते म्हणजे पटेल.

टी-ए-एन-जी ही चार अक्षरं. पिनयिनमध्ये ती आली तर उच्चार थांग, थ थंडीतला. पण तीच चार अक्षरं वेडच्या पद्धतीत बिनअपॉस्ट्रॉफीची आली तर उच्चार तांग, त तांदळातला. वेडला थ हवा असेल तेव्हा तो टी नंतर अपॉस्ट्रॉफी टाकायचा, नसेल तर साधा टी. पिनयिनने थ साठी टी घेतला आणि त साठी डी घेतला, झालं. दोन्ही पद्धती आपापल्या जागी एकदम काटेकोर आहेत. घोळ झाला तो छापखान्यात, तारेत, टाइपरायटरवर, कारण अपॉस्ट्रॉफी सगळ्यात आधी गळतो.

नकाशावर बघा. हेबेईतच थांगशान आहे, २८ जुलै १९७६ च्या भूकंपाने जगाला माहीत झालेलं शहर. आणि आन्हुइ प्रांताच्या उत्तर टोकाला तांगशान नावाचा तालुका आहे, नासपतीसाठी प्रसिद्ध. पिनयिनमध्ये एकाला टी, एकाला डी, काही प्रश्न नाही. वेडच्या पद्धतीत एकाला अपॉस्ट्रॉफी आहे आणि दुसऱ्याला नाही, तेवढाच फरक. तो गळला की कोळशाच्या खाणींचं शहर आणि नासपतीचा तालुका एकाच स्पेलिंगचे, मधलं अंतर शेकडो किलोमीटर. आता समजा १९४० च्या बातमीत असं नाव आलं आणि तुम्ही ते आजच्या नकाशात टाकलं, पिन भलतीकडेच पडणार.

आपल्या थांगश्येनचं तेच होतं. बिनअपॉस्ट्रॉफीचं जुनं स्पेलिंग शुद्ध वेड पद्धतीने वाचलं तर तांग होतं आणि पिनयिन म्हणून वाचलं तर थांग.

२५ जानेवारी

आमच्यातली एक मुलगी नाशिकची, हेबेईच्या राजधानीत मेडिकलला होती, तिने तिच्या तिथल्या मैत्रिणीकडून व्हॉइस नोट मागवून दिली. मैत्रीण हेबेईचीच. तिने नाव चार-पाच वेळा सावकाश म्हटलंय, मग एका वाक्यात घालून म्हटलंय. नावाचा पहिला अवयव, म्हणजे थांग, खालून वर चढतो, प्रश्न विचारताना आपला आवाज चढतो तसा, आणि दुसरा वरून धाडकन खाली येतो. थांग-श्येन. हेडफोन लावून ऐकलं तर थ चा श्वास स्पष्ट ऐकू येतो.

तरी खात्री करायला रात्री सगळ्यांनी घरी एक प्रयोग केला, टिश्यू पेपरची बारीक पट्टी ओठांसमोर धरायची आणि बोलायचं. "तांदूळ" म्हटलं की पट्टी जवळजवळ हलत नाही. "थांब" म्हटलं की उडते. मग व्हॉइस नोट लावून हुबेहूब तसं म्हणायचा प्रयत्न केला तर पट्टी "थांब"सारखीच उडाली. आणि इंग्रजी "टँगो" म्हणताना आपल्या मराठी तोंडून पट्टी स्वस्थ राहते.

मला यात फार आनंद झाला आणि तो लपवायचं कारण नाही. इंग्रजीला त आणि थ वेगळे लिहायला अपॉस्ट्रॉफी लावावा लागला किंवा डी उसना घ्यावा लागला. आपल्याकडे अक्षरं तयार आहेत. प-फ, त-थ, क-ख, च-छ या जोड्या चिनीत जशा आहेत तशा देवनागरीत बसतात, मग आपण आधी इंग्रजीत जाऊन तिथून मराठीत का यायचं? चिनी उच्चारावरून सरळ देवनागरी लिहू. चीनच्या हिंदी रेडिओवाल्यांनी हे कधीच केलंय, ते पेइचिंग लिहितात, थांग राजवंश लिहितात.

२ फेब्रुवारी

सोलापूरच्या काकांशी फोनवर बराच वेळ. कात्रणं सगळी त्यांचीच, कोटणीसांबद्दल जे छापून आलं ते त्यांनी आयुष्यभर जपलंय, त्यामुळे त्यांचं म्हणणं बाजूला सारता येत नाही. काका म्हणाले, "पोरी, थांग लिहिलीस तर शोधणार कोण गं? शाळेत तांग राजवट शिकलेत की सगळे." मी म्हटलं, काका, बरोबर आहे तुमचं, पण शोधायची सोय वेगळी आणि लिहायचं नाव वेगळं. शोधताना तांग, टांग, टँग काहीही टाकलं तरी पान उघडेल, उघडल्यावर मात्र वर थांगश्येन दिसेल. त्यावर ते म्हणाले, "मग बीजिंगचं पण पेइचिंग करणार काय? पेपरवाले हसतील."

इथे मी काकांचं ऐकलं. नियम असा ठरवला : जी नावं मराठी पेपरांत रुळलीत ती तशीच, बीजिंग, शांघाय, हेबेई. जी रुळलेली नाहीत, खेडी, तालुके, माणसं, ती चिनी उच्चाराप्रमाणे. थांग राजवटीचा उल्लेख आला तर तिथे तांगच ठेवू. तालुक्याच्या आणि राजवटीच्या नावातलं चिनी अक्षर एकच आहे, पण तालुक्याचं नाव राजवटीवरून पडलेलं नाही. राजवट ६१८ ते ९०७ ची आणि थांग नावाचा तालुका त्याच्या कितीतरी आधी, हान काळातच होता. स्थानिक परंपरा तो याओ या पुराणकाळातल्या राजाशी जोडते.

काकांनीच मग ह्युएनत्संगचा विषय काढला, आणि तिथे एक वेगळीच गंमत सापडली. पिनयिनमध्ये त्याच्या नावाचा शेवटचा भाग झेड-ए-एन-जी. आता हा झेड म्हणजे आपला झ नाही आणि इंग्रजी झेडही नाही. तो श्वास न सोडता म्हटलेला त्स आहे, म्हणजे "चांगला" मधला च! मराठीत च दोन आहेत ना, "चहा" मधला आणि "चांगला" मधला, दुसरा हिंदीला नाही, इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, आपल्याकडे आहे. त्या प्रवाशाच्या नावाचा शेवट म्हणायचा तर "चांगला" म्हणा आणि ला गाळा. पाठ्यपुस्तकातलं त्संग हे जुन्या रोमन स्पेलिंगवरून आलंय, आणि ते तितकंसं वाईट नाही. हाच माणूस पुलकेशीच्या काळात आपल्याकडे येऊन गेला आणि त्याने महाराष्ट्राचं नाव चिनी अक्षरांत मो-हो-ला-छा असं बसवलं. त्याने जमेल तेवढे आवाज आपल्या लिपीत धरले, आपण त्याच्या देशातल्या एका तालुक्यासाठी तेवढं करू शकतो.

८ फेब्रुवारी

"श्येन" चं काय करायचं यावर आज ठरलं.

श्येन म्हणजे प्रशासनाचा एक थर. वर प्रांत, मग मोठं शहर किंवा विभाग, मग श्येन, मग गावगट आणि गावं. इंग्रजीत त्याला काउंटी म्हणतात आणि मराठी बातम्यांत काउंटीच येतं. मला ते आवडत नाही. पाओतिंग जिल्ह्याच्या जागी धरलं तर त्याखालचा श्येन म्हणजे आपला तालुका, वाचणाऱ्याला लगेच अंदाज येतो. वर्णनात तालुका लिहायचं.

पण नावात श्येन ठेवायचंच, कारण हे नाव एकाक्षरी आहे. चिनी माणूस नुसतं "थांग" म्हणून या जागेचं नाव घेत नाही, थांगश्येनच म्हणतो. शेजारचे वांगतू, छ्यूयांग ही दोन अवयवांची नावं, त्यांना शेपूट नसलं तरी चालतं. इंग्रजीत एकाक्षरी नावांचे म्हणूनच दोन अवतार झालेत, एकात श्येन तसंच ठेवून जोडून टाकलंय आणि दुसऱ्यात त्याचं भाषांतर करून थांग काउंटी. शिवाय काही नकाशांवर त्या जागी रनहोउ असं नाव दिसतं, ते तालुक्याच्या मुख्य गावाचं नाव, सरकारी कचेऱ्या तिथे आहेत. तिन्ही एकाच पानाला जोडली.

९ फेब्रुवारी

एकाक्षरी नावांचा अजून एक त्रास. थांगश्येनच्या शेजारी आज शुनफिंग नावाचा तालुका आहे. १९९३ पर्यंत त्याचं नाव वानश्येन होतं, आणि यांगत्से नदीच्या काठीही एक वानश्येन होतं, तेव्हाच्या सिचुआनमध्ये, आता छोंगछिंगच्या हद्दीत. चिनी अक्षरं वेगळी, चढउतार वेगळे, पण रोमन स्पेलिंग एकच. भारतीय डॉक्टरांचं पथक यीछांगवरून छोंगछिंगला गेलं तेव्हा वाटेत नदीकाठचं वानश्येन लागतं, आणि पुढे कोटणीस ज्या भागात काम करत होते तिथे दुसरं वानश्येन. एकाच माणसाच्या प्रवासात दोन्ही! कागदावर नुसतं वानश्येन आलं तर तारीख बघा, १९३८ असेल तर नदीकडचं, १९४० नंतर असेल तर डोंगराकडचं.

फूफिंगचंही तसंच, एक हेबेईत थांगश्येनच्या पश्चिमेला, जिथे चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचा तळ होता, आणि दुसरं शीआनच्या उत्तरेला. पिनयिनमध्ये अक्षर न् अक्षर सारखं.

प्रांतांच्या बाबतीत इंग्रजीने निदान एक तोडगा काढला. थाय्युआनचा शान्शी आणि शीआनचा शान्शी, फरक फक्त सुराचा, म्हणजे आवाजाच्या चढउताराचा, म्हणून दुसऱ्यात ए दोनदा लिहितात. हा डबल ए पिनयिनचा नाहीच, चिनी भाषातज्ज्ञांच्या १९२८ च्या एका जुन्या पद्धतीतून उचललाय. आपण शान्शी (थाय्युआन) आणि शान्शी (शीआन) असं लिहितोय, दिसायला बोजड आहे पण वाचणारा चुकणार नाही.

१६ फेब्रुवारी

फूफिंगवरून ग्रुपमध्ये वाद. यातला पहिला फ म्हणजे "फोन" मधला, दातांनी ओठ दाबून. दुसरा फ म्हणजे प ला श्वास जोडलेला, "फळ" चा जुना उच्चार, आजीच्या तोंडचा. देवनागरीत दोन्हीला एकच अक्षर आणि आता बहुतेक लोक फळ, फूलसुद्धा फोनसारखंच म्हणतात. नाशिकची मुलगी म्हणते फूपिंग लिहू, निदान दुसरा आवाज ओठांवर तरी राहील. नकाशा करणारा मित्र म्हणतो हिंदीसारखा पहिल्या फ ला खाली टिंब देऊ. टिंबाला माझा विरोध आहे, मराठी वाचकाला त्या टिंबाची सवय नाही, तो ती प्रिंटिंगची चूक समजेल. आणि प लिहिला तर प-फ ची अख्खी शिस्त मोडते, मग थांगचा थ तरी कशाला राखायचा. सध्या फूफिंग ठेवलंय आणि आवाजाचं बटण सगळ्यात आधी तिथे लावलंय. मन पूर्ण राजी नाही.

२२ फेब्रुवारी

माणसांची नावं घेतली. कोटणीसांचं चिनी नाव पिनयिनमध्ये के-ई, मग डी-आय-एच-यू-ए. इंग्रजी पद्धतीने वाचलं तर के दिहुआ. उच्चार ख तीह्वा, पहिला ख श्वासाचा, म्हणजे वेडच्या पद्धतीत तिथेही अपॉस्ट्रॉफी. पाचही भारतीय डॉक्टरांच्या चिनी नावांत शेवटी ह्वा आहे, म्हणजे चीन. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस, पाचांच्या नावांना तेच अक्षर. नागपूरच्या चोळकरांचं नाव च्वो खह्वा, त्यात "चो" जवळजवळ जसाच्या तसा राहिलाय, बघून फार बरं वाटलं. कोटणीसांच्या मुलाचं नाव यिनह्वा, यिन म्हणजे भारत आणि ह्वा म्हणजे चीन, जन्म ऑगस्ट १९४२, वडील गेले तेव्हा पोर जेमतेम साडेतीन महिन्यांचं.

पत्नीचं नाव जुन्या कागदांत के ने सुरू होतं आणि नव्यात जी ने. कुओ छिंगलान, आवाज श्वास नसलेला क. दोन वेगळ्या बायका समजून इंडेक्समध्ये दोन नोंदी असतील तर त्या एकत्र करा.

खेडंही याच नियमाने. कोटणीस जिथे वारले ते गाव पिनयिनमध्ये जी ने सुरू होतं, म्हणून इंग्रजीवरून मराठीत गेगोंग झालं. उच्चाराने क-कुंग. बेथ्यून वारले ते ह्वांगश्रखोउ. ही दोन्ही नावं मराठीत कुठे रुळलेली नाहीत, त्यामुळे नव्या नियमाने लिहिली, जुनं गेगोंग सर्चमध्ये जोडलं.

२ मार्च

सर्चचं शेवटचं काम. अपॉस्ट्रॉफीची भूमिका दोन पद्धतींत वेगळी आहे हे प्रोग्रॅमला सांगावं लागलं. वेडमध्ये तो श्वास दाखवतो, तो काढला तर आवाज बदलतो. पिनयिनमध्ये तो फक्त दोन अवयव वेगळे करतो, यानआनमध्ये आहे तो एवढ्याचसाठी, नाहीतर कुणी या-नान वाचेल. म्हणून १९७९ आधीच्या कागदात टी-ए-एन-जी बिनअपॉस्ट्रॉफीचं आलं की प्रोग्रॅम थांग आणि तांग दोन्ही पर्याय दाखवतो आणि माणसाला विचारतो, स्वतः ठरवत नाही. नंतरच्या कागदात सरळ थांग. अपॉस्ट्रॉफीची चिन्हंही कागदागणिक वेगळी निघाली, सरळ, वाकडं, उलटं, ती सगळी एक धरली.

काकांना लिंक पाठवली. त्यांनी मुद्दाम "टांग" टाकून बघितलं, पान उघडलं, आवाजाचं बटण दाबलं, मग फोन करून म्हणाले, "थ आहे गं, ऐकू येतंय की." आणि लगेच पुढे, "आता तेवढं छ्यूयांगचं बघ, माझ्याकडच्या दोन कात्रणांत ते चुयांग आहे आणि एकात क्युयांग."

क्युयांग पिनयिनच्या क्यू वरून आलं असणार आणि चुयांग वेडच्या सी-एच वरून, अपॉस्ट्रॉफी गळून. दोन्ही शीटमध्ये टाकलीत, तिन्ही कात्रणांची सालं काका उद्या कळवतायत.